सरणाच्या लाकडांची वही

शाळेत असताना हाती आलेल्या एका जुन्या मासिकात जगातल्या न उलगडलेल्या कोड्यांवर एक सदर होतं. एका पानावर बर्म्युडा त्रिकोणात गडप झालेली विमानं, दुसऱ्या पानावर हिमालयातला यती आणि त्या दोघांच्या मधल्या पानावर एका तरुण स्वीडिश अधिकाऱ्याचा फोटो. राऊल वॉलेनबर्ग. बुडापेस्टमध्ये हजारो ज्यूंचे प्राण वाचवणारा हा माणूस १७ जानेवारी १९४५ रोजी मोटारीत बसून निघाला आणि परत आलाच नाही. तेव्हा ते वाचून अंगावर काटा आला होता. बऱ्याच वर्षांनी त्याच्याविषयी नीट वाचलं आणि त्या पानाचा राग आला. बर्म्युडाच्या समुद्राला कुणी जाब विचारू शकत नाही. वॉलेनबर्गला माणसांनी नेलं होतं. त्या माणसांना हुद्दे होते, वरिष्ठ होते आणि रोजच्या रोज भरायच्या वह्याही होत्या.

मराठीत 'नाहीसा झाला' आणि 'नाहीसा केला' यांत एका क्रियापदाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात कुणीच काही करत नाही, माणूस धुक्यासारखा विरून जातो. दुसऱ्या वाक्यात करणारा कोण, हे विचारावंच लागतं. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांनी स्पॅनिशमधलं हेच क्रियापद वाकवून सकर्मक केलं, 'त्याला बेपत्ता केलं' असं ते म्हणू लागले. आपण मात्र मानवी हक्कांसाठी लढलेल्यांवर लिहिताना अजून 'झाला' वरच थांबतो, पुढे 'गूढ' हा शब्द जोडतो आणि शेवटी 'प्रेरणादायी जीवन' म्हणून हार घालतो. माझा आक्षेप या दोन्ही शब्दांना आहे. गूढ म्हटलं की गुन्हेगार सुटतो. प्रेरणादायी म्हटलं की ज्या कामासाठी त्या माणसाला उचललं, ते कामच नजरेआड होतं.

वॉलेनबर्गचंच घ्या. ९ जुलै १९४४ रोजी तो बुडापेस्टला पोचला तेव्हा ३१ वर्षांचा होता. शिक्षण वास्तुरचनेचं, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झालेलं. अनुभव आयात-निर्यातीच्या व्यापाराचा. त्याआधीच्या आठेक आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून बाहेर पाठवलं गेलं होतं, बहुतेकांना ऑशविट्झला. वॉलेनबर्गने निळ्या-पिवळ्या रंगांचं, स्वीडनचे तीन मुकुट छापलेलं एक संरक्षणपत्र काढलं. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला फारसा आधार नव्हता. पण शिक्का, सही आणि अनुक्रमांक दिसला की समोरचा अंमलदार थबकतो, हे या माणसाने अचूक ओळखलं होतं. त्याने इमारती भाड्याने घेतल्या, त्यांवर स्वीडनचे झेंडे लावले आणि आत हजारोंना आसरा दिला. कागदाच्या जोरावर माणसं मारणाऱ्या यंत्रणेसमोर त्याने कागदच उभा केला.

मग लाल सेना शहरात आली. पुढच्या मदतीची बोलणी करायला तो डेब्रेत्सेनमधल्या सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांकडे निघाला. गाडी चालवायला विल्मोश लांगफेल्डर होता. तोही परत आला नाही. (वॉलेनबर्गच्या नावाने चौक झाले, पुतळे झाले. लांगफेल्डरचं नाव किती जणांना ठाऊक आहे? गूढकथेला एकच नायक लागतो, त्याचा हाही एक तोटा.)

यापुढचं 'गूढ' कसं तयार झालं, ते तारीखवार सांगता येतं. ऑगस्ट १९४७ मध्ये सोव्हिएत परराष्ट्र खात्याने कळवलं की हा माणूस आमच्या देशात नाही, आम्हाला तो माहीतही नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याच सरकारने कळवलं की तो १७ जुलै १९४७ रोजी मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात वारला, बहुधा हृदयविकाराने. पुरावा म्हणून तुरुंगाच्या डॉक्टरची एक चिठ्ठी. तोवर तो डॉक्टर हयात नव्हता, आणि ज्या सुरक्षामंत्र्यावर ठपका ठेवला त्याला १९५४ मध्येच गोळ्या घातल्या होत्या. १९८९ मध्ये त्याचा राजनैतिक पासपोर्ट आणि काही चीजवस्तू कुटुंबाच्या हाती दिल्या गेल्या. माहीतच नसलेल्या माणसाचा पासपोर्ट चाळीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला होता! आणि २००९ मध्ये रशियन सुरक्षायंत्रणेच्याच अभिलेखागाराने संशोधकांना कळवलं की २३ जुलै १९४७ रोजी लुब्यांकात ज्या 'कैदी क्रमांक ७' ची चौकशी झाली, तो बहुधा वॉलेनबर्गच असावा. म्हणजे सरकारी मृत्यूनंतर सहा दिवसांनी.

दोष एकट्या मॉस्कोचा नाही. जून १९४६ मध्ये स्वीडनचे राजदूत स्टाफान सॉडरब्लोम खुद्द स्टालिनला भेटले. समोर जगातला सर्वांत सामर्थ्यवान हुकूमशहा बसलेला, आणि आपला माणूस त्याच्याच तुरुंगात. राजदूतांनी काय सांगावं? वॉलेनबर्ग अपघाताला किंवा लुटारूंना बळी पडला असावा, असं आपलं वैयक्तिक मत आहे! ही भेट मला कुठल्याही कोठडीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. विचारायचं ज्याचं काम, त्यानेच समोरच्याला उत्तर पुरवलं. स्वीडनच्या पंतप्रधानांनी २००१ मध्ये कुटुंबाची माफी मागितली. त्याची आई आणि सावत्र वडील तोवर राहिले नव्हते. मुलाच्या शोधात तीन दशकांहून अधिक काळ दारं ठोठावून १९७९ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, दोघांनी आपलं आयुष्य संपवलं.

'गूढ' हा शब्द सत्तेला किती सोयीचा असतो, हे अर्जेंटिनाच्या लष्करशहाने स्वतःच सांगून ठेवलं आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पत्रकारांनी बेपत्ता लोकांविषयी विचारलं तेव्हा होर्हे व्हिडेला म्हणाला की बेपत्ता माणूस म्हणजे एक अज्ञात. त्याला अस्तित्वच नाही, तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही. हे वाक्य तत्त्वचिंतकाच्या तोंडून आलं असतं तर त्याला खोली आहे असं आपण म्हटलं असतं. ते हजारो माणसं उचलणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाच्या तोंडून आलं होतं. मृतदेह नाही म्हणजे खून नाही, आणि खून नाही तर खुनी कुठून असणार?

या अज्ञाताशी झगडायला ज्या बाया पहिल्यांदा बाहेर पडल्या त्यांत अझुसेना विलाफ्लोर होती. तरुणपणी टेलिफोन ऑपरेटर, नंतर घर सांभाळणारी, चार मुलांची आई. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या मुलाला उचललं. सरकारी कचेऱ्यांत, चर्चमध्ये, रांगेत उभं राहून ती थकली. मग रांगेतल्या इतर आयांना तिने सुचवलं की आपण एकेकटं फिरण्यात अर्थ नाही, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदाजणी प्लाझा दे मायोत जमल्या. पोलिसांनी दटावलं, घोळका करून उभं राहायचं नाही, चालू लागा. त्या चालू लागल्या, चौकातल्या स्तंभाभोवती. ती फेरी पुढे काही दशकं चालली.

डिसेंबरमध्ये त्यांनी ठरवलं की मानवी हक्क दिनी वर्तमानपत्रात बेपत्ता लोकांची नावं पैसे भरून छापायची. नुसती यादी. याच बैठकांत भावाला शोधणारा म्हणून एक कोवळा तरुण येऊन बसत असे. तो नौदलाचा अधिकारी होता, नाव आल्फ्रेदो आस्तिस. ८ ते १० डिसेंबरच्या दरम्यान बाराजणांना उचलण्यात आलं, त्यांत दोन फ्रेंच नन होत्या. यादी छापून आली त्याच दिवशी अझुसेनालाही नेलं. बाकीच्या आयांनी यापुढे चौकात यावं की येऊ नये? त्या आल्या.

आणि समुद्राने साक्ष दिली. त्याच महिन्यात अटलांटिकच्या किनाऱ्यावर काही मृतदेह वाहून आले. तिथल्या डॉक्टरांनी तपासणी करून मोडलेल्या हाडांची नोंद केली, उंचावरून आदळल्याच्या खुणा आहेत असं लिहिलं. मृतदेह जवळच्या दफनभूमीत बेनाम म्हणून पुरले गेले. २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी ते उकरून जनुकीय तपासणीने ओळखले. एक अझुसेना होती. तिच्या अस्थींची राख त्याच चौकात, त्याच स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली आहे. ज्या विमानातून त्यांना समुद्रात फेकलं होतं, ते विमानही नंतर शोधपत्रकारांना सापडलं, चक्क अमेरिकेतल्या फ्लोरिडात, मालकांचे हात बदललेलं पण उड्डाणांच्या जुन्या नोंदी शाबूत असलेलं. १४ डिसेंबर १९७७ चं रात्रीचं उड्डाण त्यात होतं, वैमानिकांच्या नावांसकट. २०१७ मध्ये दोन वैमानिकांना जन्मठेप झाली. २०२३ मध्ये विमान पुरावा आणि स्मारक म्हणून अर्जेंटिनाला परत आणलं गेलं. व्हिडेलाचं 'अज्ञात' एका खेड्यातल्या डॉक्टरच्या टिपणात आणि एका विमानाच्या वहीत चाळीस वर्षं लिहिलेलं होतं.

माझ्या मनातून जी वही जात नाही ती मात्र अमृतसरची आहे. जसवंतसिंग खालरा बँकेत काम करणारे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबात तरुण मुलं उचलली जात होती. पोलिसांचं म्हणणं असं की हे बेपत्ता तरुण कामधंद्यासाठी परदेशी निघून गेले आहेत. खालरांच्या ओळखीतलेही काही जण गेले. त्यांना शोधताना ते स्मशानात पोचले, आणि तिथे त्यांनी बँकेतल्या माणसाला सुचेल अशी गोष्ट केली. हिशेब मागितला. बेवारस मृतदेहांना जाळायला लाकूड लागतं, कापड लागतं, त्याचे पैसे पालिकेकडून मिळतात आणि पैसे मिळायचे तर नोंद लागते. कोणत्या दिवशी, किती मृतदेह, कुठल्या पोलिसाने आणले, लाकूड किती, सगळं लिहिलेलं. मारणाऱ्यांनी माणसं लपवली, पण सरणाचा खर्च लपवायचं कुणाला सुचलं नाही.

जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. याविषयीची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. ६ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी घराबाहेर गाडी धूत असताना खालरांनाही उचललं. पत्नी परमजीत कौर यांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयने तीन स्मशानांच्या नोंदी तपासून २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कारांचा आकडा दिला. त्यांतले ५८५ पूर्ण ओळखले गेले, २७४ अर्धवट, आणि १,२३८ जणांची ओळखच पटली नाही. खालरांच्या अपहरण आणि हत्येबद्दल २००५ मध्ये सहा पोलिसांना शिक्षा झाली, त्यांतल्या चौघांची शिक्षा पुढे उच्च न्यायालयाने जन्मठेपेपर्यंत वाढवली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खालरांचा देह मिळालेला नाही. इतरांना नोंदीतून परत आणणाऱ्या माणसाची स्वतःची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

आता 'प्रेरणादायी' या शब्दाकडे येतो. या तिघांवर जे लेख लिहिले जातात त्यांत धैर्य, त्याग, करुणा हे शब्द ठायी ठायी असतात. खोटे नाहीत ते. पण धैर्यवान माणसाकडे आपण मान वर करून बघतो, आणि मान वर असली की हाताकडे लक्ष जात नाही. या तिघांच्या हातात काय होतं? क्रमांक घातलेलं पत्र, नावांची यादी, लाकडांच्या पावत्या. कारकुनी, हिशेबी, चिकाटीचं काम. ज्याला आपण अगदी रुक्ष म्हणतो ते. वीरता अंगात असावी लागते असं म्हणून आपण सुटू शकतो. यादी करता येत नाही, असं कुणाला म्हणता येईल? मला वाटतं, म्हणूनच या कथांतून याद्या गाळल्या जातात. त्या राहिल्या तर वाचणाऱ्यावर जबाबदारी येते.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे, आणि तो मी अनेकदा ऐकला आहे. गूढ म्हणून का होईना, लोक वाचतात तरी. त्या जुन्या मासिकाने वॉलेनबर्ग छापला नसता तर मला त्याचं नाव तरी कळलं असतं का? बहुधा नसतं, हे मान्य आहे. पण कुतूहल जागवून ते कुठे सोडलं जातं, हा प्रश्न उरतो. 'सत्य कधीच कळणार नाही' या वाक्याशी लेख संपवला की वाचक उसासा टाकून पान उलटतो. 'या कागदावर अमुक कार्यालयाने पडदा टाकला आहे' या वाक्याशी संपवला तर निदान त्या कार्यालयाचं नाव तरी त्याच्या लक्षात राहतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार, जखमा भरू द्याव्यात. दक्षिण आफ्रिकेत अहमद तिमोल नावाचा तरुण शिक्षक, वर्णभेदाविरुद्ध काम करणारा, २७ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडला. १९७२ च्या चौकशीने आत्महत्या ठरवली. त्याच्या भाच्याने हे प्रकरण सोडलं नाही. चौकशी पुन्हा उघडली आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ही आत्महत्या नव्हती, हत्या होती. ४६ वर्षांनी. आरोपी झालेला जुना पोलीस खटला पूर्ण होण्याआधीच वारला, तेव्हा शिक्षा कुणालाच झाली नाही. तरी काय मिळालं? 'त्याने उडी मारली' हे वाक्य न्यायालयाच्या दप्तरातून पुसलं गेलं. ज्या आईने ते वाक्य ऐकलं ती तोवर गेली होती, पण त्या घराला ते वाक्य पुढच्या पिढीकडे सोपवावं लागणार नाही. मला हे थोडं वाटत नाही.

आणि जखमांचा निर्णय कुणी घ्यायचा? अर्जेंटिनातल्या आयांमध्येच या प्रश्नावर फूट पडली. एका गटाने अवशेष उकरायला ठाम विरोध केला. हाडं हातात देऊन प्रकरण मिटवू नका, आमची मुलं जिवंत नेली होतीत, जिवंत परत द्या, ही त्यांची मागणी. दुसऱ्या आयांना हाडं हवी होती, त्यांना माती द्यायची होती. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आहे आणि निवाडा करायची माझी हिंमत नाही. उकरू नका म्हणायचा अधिकार त्या आईला आहे. तोच अधिकार ज्याने पुरलं त्याला कसा असेल?

कायद्याची भूमिका या बाबतीत आपल्या लेखांपेक्षा पुढे गेलेली आहे. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारला, २०१० च्या डिसेंबरमध्ये तो लागू झाला. या करारानुसार असा गुन्हा चालू राहणारा मानला जातो. माणसाचं काय झालं हे उघड होईतो तो जुना होत नाही. सत्य जाणून घेण्याचा हक्क कुटुंबाला दिला आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कलम अगदी साधं आहे: ताब्यात घेतलेल्या प्रत्येक माणसाची अद्ययावत नोंदवही ठेवली पाहिजे, कुणी, कधी, कुठे, कुणाच्या हुकमाने नेलं हे तिच्यात असलं पाहिजे. म्हणजे खालरांना स्मशानात जी माहिती शोधावी लागली, ती पोलीस ठाण्यातच असायला हवी. भारताने २००७ मध्ये या करारावर सही केली. मंजुरी अजून दिलेली नाही. मानवी हक्कांच्या दिवशी आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. या मंजुरीची मागणी त्या भाषणांत मला क्वचितच ऐकू येते.

हे सगळं जुन्या काळातलं, आता छायाचित्रणाचे कॅमेरे सगळीकडे आहेत, असं कुणाला वाटत असेल तर लाओसचं उदाहरण पाहावं. ग्रामीण तरुणांसाठी आयुष्य वेचलेले, २००५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेले सोम्बाथ सोम्फोन यांची गाडी १५ डिसेंबर २०१२ रोजी व्हिएन्टियानमधल्या पोलीस चौकीपाशी थांबवण्यात आली. त्यांना दुसऱ्या वाहनात बसवून नेल्याचं, त्यांची जीप वेगळ्याच कुणी चालवत नेल्याचं रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात दिसतं. कुटुंबाने ते चित्रण बघायला मागितलं आणि बघता बघता पडद्यावरून आपल्या यंत्रावर उतरवून घेतलं. ती प्रत आज जगाकडे आहे. मूळ चित्रणाच्या तपासात मदत करायची तयारी इतर देशांनी दाखवली, सरकारने ती घेतली नाही. सोम्बाथ कुठे आहेत हे त्यांच्या पत्नीला आजही कळलेलं नाही. त्यांच्याविषयी 'लाओसमधलं गूढ' अशा मथळ्याचं लिखाण मी पाहिलं आहे. पोलीस चौकीसमोर, कॅमेऱ्यासमोर घडलेल्या गोष्टीत गूढ कुठलं?

स्वीडनने ऑक्टोबर २०१६ मध्ये वॉलेनबर्गला कायद्याने मृत घोषित केलं. तारीख ठरवली ३१ जुलै १९५२. ती त्याच्या मृत्यूची नाही, नियमाने येणारी आहे. पुढच्या वर्षी त्याच्या नातेवाइकांनी मॉस्कोच्या न्यायालयात रशियन सुरक्षायंत्रणेविरुद्ध दावा लावला. त्यांना भरपाई नको होती, शिक्षा नको होती, पुतळाही नको होता. कैदी क्रमांक ७ ची नोंद ज्या वहीत आहे, तिच्यासारख्या काही कागदांच्या प्रती हव्या होत्या, काहीही न वगळता आणि न झाकता. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला.